दुर्बीण आत जाते तेव्हा

"एकदा दुर्बीण घालून बघून घेऊ." लघवीतून रक्त गेलं म्हणून मूत्ररोगतज्ज्ञाकडे आलेल्या माणसाला हे वाक्य ऐकावं लागतं. त्यावर बऱ्याच जणांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो "कुठून?" असा. उत्तर ऐकून माणूस गप्प होतो. बरोबर आलेल्या बायकोकडे किंवा मुलाकडे बघतो. मग दुसरा प्रश्न येतो, "दुखेल का हो?" त्याला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: "थोडंसं. मुंगी चावल्यासारखं."

हे उत्तर अपुरं आहे. काहींच्या बाबतीत ते खरं ठरतं, काहींच्या बाबतीत साफ खोटं. ज्याच्या बाबतीत खोटं ठरतं, तो पुढच्या वेळी येतच नाही, आणि मूत्राशयाच्या आजारांत पुढच्या वेळी येणं फार महत्त्वाचं असतं. या तपासण्यांतला त्रास नेमका कुठे होतो, किती वेळ होतो, कशानं वाढतो आणि कशानं कमी होतो, याबद्दल आज बरंच काही माहीत आहे. ती माहिती टेबलावर झोपणाऱ्याला आधी मिळाली पाहिजे. त्याच्या त्रासातला मोठा वाटा टाळता येण्याजोगा असतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी तपासण्या कोणत्या ते पाहू. दुर्बिणीची तपासणी म्हणजे सिस्टोस्कोपी. मूत्रमार्गातून दुर्बीण मूत्राशयात नेऊन आतलं अस्तर डोळ्यांनी पाहायचं. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर आत ठेवलेली डीजे स्टेंट नावाची नळी काढायची असते तीही याच वाटेनं. दुसरी युरोडायनॅमिक तपासणी. हिच्यात बारीक नळीनं मूत्राशय हळूहळू भरतात आणि आतला दाब मोजतात. तिसरी मुख्यतः लहान मुलांची, एमसीयू या नावानं ओळखली जाणारी. नळीतून एक्स-रेत दिसणारं औषध मूत्राशयात भरतात आणि मूल लघवी करत असताना फोटो घेतात. तिन्हींचा हेतू वेगळा असला तरी वाट एकच आहे.

ती वाट स्त्रियांमध्ये जेमतेम ४ सेंटीमीटर लांब आणि बरीचशी सरळ असते. पुरुषांत ती १८ ते २० सेंटीमीटर असते आणि वळणं घेत जाते. या वाटेवर सगळीकडे सारखं दुखत नाही. पुरुषाच्या मूत्रमार्गात पुढच्या भागात दुर्बीण शिरताना थोडी जळजळ आणि दाब जाणवतो. नंतर एक वळण येतं आणि त्यापाठोपाठ लघवी रोखून धरणारा स्नायू. मूत्रमार्गाभोवती कड्यासारखा बसलेला हा स्नायू आपल्या इच्छेनं आवळता येतो. एसटीत बसल्यावर पुढचा थांबा येईपर्यंत आपण ज्याच्या भरवशावर असतो, तोच हा. पुढे प्रोस्टेट ग्रंथीतून जाणारा तुकडा आणि मग मूत्राशयाचं तोंड. बहुतेक पुरुषांना सगळ्यात जास्त दुखतं ते हा स्नायू आणि प्रोस्टेट ओलांडताना. तो काळ काही सेकंदांचा असतो. दुर्बीण एकदा मूत्राशयात पोचली की कळ ओसरते आणि उरते ती लघवी लागल्याची भावना, कारण नीट दिसावं म्हणून आत सलाईन सोडलेलं असतं.

ही गोष्ट आधी सांगितली तर काय फरक पडतो? पुष्कळ पडतो. कळ येणार, ती अमुक ठिकाणी येणार आणि काही सेकंदांत संपणार, हे ज्याला माहीत आहे तो ती सोसतो. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं, ही तर सुरुवात आहे, आता पुढे काय काय होणार! मग तो घाबरून अंग आवळतो. आवळला जाणारा पहिला स्नायू नेमका तोच, ज्यातून दुर्बीण पुढे जायची आहे. आवळलेल्या स्नायूतून दुर्बीण सरकवली की जास्त दुखतं, जास्त दुखलं की तो आणखी आवळतो. भीतीचं रूपांतर शारीरिक वेदनेत होतं ते असं. "मनाचे खेळ" म्हणून ते झटकून टाकता येत नाही.

म्हणूनच अनुभवी डॉक्टर या टप्प्यावर हात थांबवतात. "काका, लांब श्वास घ्या, अंग सैल सोडा. आता लघवी करतोय असं करा." शेवटचं वाक्य ऐकून रुग्ण गोंधळतो. आत दुर्बीण असताना लघवी कशी करायची? पण लघवी करायचा प्रयत्न केला की शरीर तो स्नायू आपोआप सैल सोडतं, आणि दुर्बीण जोर न लावता पुढे सरकते. याच तत्त्वावर आणखी एक साधी युक्ती आहे. दुर्बीण स्नायूपाशी पोचली की मदतनीसानं सलाईनची पिशवी हातानं दाबायची. पाण्याचा दाब क्षणभर वाढतो, बंद वाट उघडते आणि दुर्बीण त्या पाण्यामागोमाग आत जाते. इंग्लंडमध्ये पुरुष रुग्णांवर केलेली याची तौलनिक चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. पिशवी दाबलेल्या गटाला वेदना कमी झाल्या होत्या. याला पैसा लागत नाही की नवं यंत्र लागत नाही. लागतो तो योग्य क्षणी पिशवी दाबणारा एक हात.

आता जेलीबद्दल, कारण सर्वांत जास्त घाई इथेच होते. लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध स्वीडनमध्ये नील्स लॉफग्रेन यांनी १९४३ साली बनवलं आणि १९४८ पासून ते झायलोकेन या नावानं बाजारात आलं. त्याची २ टक्क्यांची जेली मूत्रमार्गात सोडतात. ती दोन कामं करते, वाट निसरडी करणं आणि अस्तर बधिर करणं. निसरडेपणा लगेच येतो, बधिरपणाला वेळ लागतो. पुरुषांत दहा-पंधरा मिनिटं तरी थांबलं तर तिचा खरा उपयोग होतो. पण टेबल मोकळं करायचं असतं, बाहेर रांग असते, आणि जेली घातल्यावर दोन मिनिटांत दुर्बीण आत जाते. अशा वेळी रुग्णाला मिळतं ते केवळ वंगण. बधिर करणारी जेली आणि साधी वंगणाची जेली यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे किती वेळ थांबलं हा मोठा फरक आहे. जेली भराभर दाबून सोडली तर तीच जळजळते, हेही लक्षात ठेवायला हवं. बायकांचा मूत्रमार्ग आखूड असल्यानं त्यांच्यात साधं वंगणही बहुधा जवळपास तेवढंच काम देतं. पण पुरुष रुग्णानं "डॉक्टर, जेली घालून किती वेळ झाला?" असं विचारलं तर तो उद्धटपणा नाही. तो प्रश्न अगदी रास्त आहे.

दुर्बीण कोणती आहे यावरही बरंच अवलंबून असतं. एक कडक, धातूची, सरळ. दुसरी लवचीक, वळणाबरोबर वळणारी. लवचीक दुर्बिणीची जाडी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास असते. कडक दुर्बीण बहुधा त्याहून जाड, सहा-सात मिलिमीटरपर्यंत. वळणदार वाटेवरून सरळ नळी न्यायची म्हणजे वाटेलाच सरळ व्हावं लागतं. पुरुषांना कडक दुर्बिणीचा त्रास जास्त होतो तो यामुळे. लवचीक दुर्बीण महाग, नाजूक आणि दुरुस्तीला खर्चीक असते. म्हणून आपल्याकडे अनेक रुग्णालयांत कडक दुर्बीणच वापरतात आणि पुरुषांना पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची भूल देतात. तीही योग्य वाट आहे. त्यात दुखत नाही, फक्त काही तास पाय जड राहतात आणि खर्च वाढतो. वाईट वाट तिसरी आहे: कडक दुर्बीण, पुरुष रुग्ण आणि दोन मिनिटांची जेली.

आतलं पाहण्याची ही धडपड दोनशे वर्षांहून जुनी आहे. फ्रँकफुर्टचे डॉक्टर फिलिप बोझिनी यांनी १८०६ च्या सुमारास मेणबत्तीचा उजेड आरशानं नळीतून शरीरात टाकणारं साधन बनवलं. अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, १८०९ साली, ते टायफसनं गेले. १८७७ साली ड्रेस्डेनमध्ये माक्स नीट्झ यांनी दिवा थेट मूत्राशयात नेणारी दुर्बीण दाखवली. तो दिवा म्हणजे विजेनं तापून लाल झालेली प्लॅटिनमची तार. आत भाजू नये म्हणून तिच्याभोवती सतत गार पाणी खेळवावं लागे. त्या वेळी मूत्रमार्ग बधिर करायचं कुठलंही औषध हाताशी नव्हतं. कार्ल कोलर यांनी कोकेननं डोळा बधिर होतो हे दाखवलं ते १८८४ साली. त्यानंतर लगेचच डॉक्टरांनी ते मूत्रमार्गातही वापरायला सुरुवात केली, आणि ते तिथून रक्तात शोषलं जाऊन मृत्यू झाल्याच्या घटनाही नोंदल्या गेल्या. दुर्बीण आणि वेदनाशमन यांची गती सारखी नव्हती. पाहण्याचं तंत्र पुढे पळत राहिलं, सोसणाऱ्याची सोय मागून आली.

विसाव्या शतकात मात्र ही दुर्बीण खूप सुसह्य झाली, आणि तिचं श्रेय ज्यांच्याकडे जातं त्यांतला एक माणूस पंजाबातल्या मोग्याचा. नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करत होते. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाकड्या वाटेनंही नेता येतं, हा त्यांचा निबंध १९५४ साली 'नेचर'मध्ये आला. लवचीक दुर्बिणींचा पाया तिथे आहे. मूत्राशयातल्या गाठींचे फोटो नीट येत नाहीत म्हणून लिव्हरपूलचे मूत्ररोगतज्ज्ञ जेम्स गाऊ याच हॉपकिन्स यांच्याकडे गेले, आणि त्यातून काचेच्या लांब कांड्यांची नवी रचना जन्मली. तिनं कडक दुर्बिणीतलं चित्र कितीतरी उजळ झालं. चित्र उजळ असलं की डॉक्टरांना आत कमी वेळ फिरावं लागतं, तेव्हा तिचाही लाभ रुग्णालाच.

हल्ली हे चित्र पडद्यावर दिसतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये झालेला, २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. लवचीक दुर्बिणीनं तपासल्या जाणाऱ्या काही पुरुषांना पडदा दिसेल असा वळवून ठेवला, काहींना दिसू दिला नाही. स्वतःच्या मूत्राशयाचं चित्र पाहणाऱ्यांनी वेदना कमी सांगितल्या. पुढे स्त्रियांवर तोच प्रयोग केला तेव्हा फायदा दिसला नाही. त्यामुळे सगळ्यांना बळजबरीनं पडदा दाखवण्यात अर्थ नाही. पण बघायची इच्छा आहे का, एवढं विचारता येतं. आत दिसतं तेही घाबरवणारं नसतं. फिकट गुलाबी अस्तर, त्यावर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, वर तरंगणारा हवेचा बुडबुडा, आणि खालच्या त्रिकोणी भागात दोन बारीक छिद्रं. मूत्रपिंडांकडून येणाऱ्या नळ्या तिथे उघडतात. थोडं थांबलं तर त्यांतून लघवीची बारीक पिचकारी उडताना दिसते. संगीत ऐकवल्यानंही काळजी आणि वेदना कमी झाल्याचं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. तेव्हा कानात आवडीचं नाट्यगीत किंवा अभंग लावून झोपायला कोणाची हरकत नसावी.

मूत्राशयाच्या मज्जातंतूंबद्दल थोडं सांगायला हवं, कारण एका महत्त्वाच्या सूचनेचं मूळ तिथे आहे. मूत्राशयातून दोन प्रकारचे तंतू संदेश नेतात. एक प्रकार ताण मोजतो. साधारण दीडशे ते अडीचशे मिलिलिटर भरल्यावर पहिली जाणीव होते ती त्याच्यामुळे. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर मावतं. दुसऱ्या प्रकारचे तंतू एरवी बहुतांशी झोपलेले असतात. जंतुसंसर्ग झाला, सूज आली, की ते जागे होतात आणि मग साधं भरणंही दुखू लागतं. अतिशय गार पाण्यानंही ते चेतवले जातात. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांसाठी १९५७ साली बोर्स आणि ब्लिन यांनी बर्फाच्या पाण्याची जी चाचणी सांगितली तिचा आधार हाच. म्हणून तपासणीआधी लघवीची तपासणी, गरज असेल तर कल्चर, हा टाळण्याजोगा खर्च नाही. संसर्ग असताना दुर्बीण घातली तर दुखतंही जास्त आणि जंतू रक्तात जाण्याचा धोकाही असतो. आणि फ्रिजमधून काढलेलं सलाईन थेट आत सोडू नये, हे तर सांगायचीही गरज पडू नये.

आतापर्यंत मी वेदनेबद्दल बोलले. पण पुष्कळ रुग्णांना, विशेषतः स्त्रियांना विचारलं तर त्या वेगळंच सांगतात. दुखलं फार नाही, पण पाय वर बांधून उघडं पडून राहावं लागलं, दार सतत उघडत होतं, कोण आलं कोण गेलं कळत नव्हतं. या तपासणीची रचनाच अशी आहे की लाज वाटावी. तिच्यावरचे उपायही तितकेच साधे आहेत. दाराला कडी, मधे पडदा, मांड्यांवर चादर, आणि तयारी पूर्ण झाल्यावरच पाय वर घेणं. डॉक्टर येईपर्यंत बाईला तशा अवस्थेत दहा मिनिटं ठेवणं अक्षम्य आहे. शिकणारे विद्यार्थी खोलीत असतील तर तिला विचारलं पाहिजे, आणि तिचं "नको" ऐकलं पाहिजे. पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री रुग्णाजवळ एक स्त्री हजर असणं हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतला हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले, त्यांतही रुग्णहक्कांची सनद आली. वॉर्डातल्या मावशी किंवा सिस्टर उशाशी उभ्या राहिल्या, हात हातात धरला, तरी बाईचा श्वास बदलतो. लाज पुरुषांनाही वाटते. ते बोलत नाहीत, एवढंच.

युरोडायनॅमिक तपासणीत हा भाग सर्वांत तीव्र होतो. नळ्या बारीक असतात, दोन-अडीच मिलिमीटरच्या, त्यामुळे वेदना दुर्बिणीपेक्षा कमी. पण एक नळी मूत्राशयात आणि एक गुदद्वारात असते. मूत्राशय थेंबाथेंबानं भरत जातं आणि रुग्णानं सांगत राहायचं: आता पहिली जाणीव झाली, आता लघवी लागली, आता धरवत नाही. मधेच "खोका" म्हणतात आणि खोकल्याबरोबर लघवी सुटते का ते पाहतात. ज्या बाईनं खोकताना लघवी सुटते हे दुखणं वर्षानुवर्षं घरातही कोणाला सांगितलेलं नाही, तिनं ते आता दोन अनोळखी माणसांसमोर करून दाखवायचं असतं. शेवटी नळ्यांसकट, मोजमाप करणाऱ्या खुर्चीवर बसून लघवी करायची. अनेकांना ती होतच नाही, कारण कोणी पाहत असताना न होणं हे शरीराचं स्वाभाविक वागणं आहे. तंत्रज्ञानं पडद्याआड जावं, नळ सुरू करावा, वेळ द्यावा. इथे घाई केली तर माणूस तर अवघडतोच, शिवाय आलेख चुकीचा येतो. अवघडलेल्या रुग्णाचा आलेख पाहून आजार ठरवायचा म्हणजे निदानच बिघडण्याचा धोका.

मुलांच्या तपासणीकडे येताना माझा हात जड होतो. तापासह वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या मुलांमध्ये काही वेळा लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे चढत असते. ते शोधायला एमसीयू करतात. तीन वर्षांच्या मुलाच्या बाजूनं हे बघा. गेले कित्येक महिने आई-आजी त्याला शिकवताहेत की चड्डीत करायची नाही, गादीवर करायची नाही, अनोळखी माणसाला "तिथे" हात लावू द्यायचा नाही. आणि आता त्याला टेबलावर आडवं धरून, अनोळखी माणसांनी नळी घालून, "कर बाळा, इथेच कर" असं सांगितलं जातं. त्याला जे शिकवलं ते सगळं एका तासात उलटं होतं. मूल किंचाळतं ते केवळ दुखतं म्हणून नव्हे.

अमेरिकेत १९९० च्या दशकात गेल गुडमन आणि सहकाऱ्यांनी ही तपासणी झालेल्या मुलांच्या आठवणींचा अभ्यास केला. आईनं नंतर मुलाशी त्या प्रसंगाबद्दल बोलून त्याला जवळ घेतलं होतं, त्या मुलांच्या सांगण्यात चुका कमी होत्या. स्टॅनफर्डमध्ये ४४ मुलांवर झालेली, २००५ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आणखी पुढे जाते. त्या मुलांना ही तपासणी आधी एकदा तरी त्रासदायक गेली होती. त्यांतल्या निम्म्यांच्या जवळपास मुलांना आधी स्वसंमोहन शिकवलं, म्हणजे डोळे मिटून मनानं आवडत्या जागी जाणं. त्यांचा त्रास कमी झालाच, शिवाय तपासणी सुमारे १४ मिनिटं लवकर आटोपली. या आकड्याकडे प्रत्येक एक्स-रे विभागानं पाहावं. मुलाला शांत करण्यात वेळ जातो अशी आपली समजूत असते, इथे तो वाचला.

घरच्यांनी एक गोष्ट कटाक्षानं टाळावी. "काही नाही हं, फक्त फोटो काढायचाय." हे खोटं मुलाला टेबलावर कळतं, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरपाशी त्याची किंमत मोजावी लागते. त्याऐवजी बाहुली घेऊन दाखवता येतं. नळी इथून जाणार, थोडं झोंबेल, मग पोट भरल्यासारखं वाटेल, मग टेबलावर शू करायची आणि त्या दिवशी कोणी रागावणार नाही. आईबाबांपैकी एकजण शिशाचा अ‍ॅप्रन घालून जवळ उभा राहू शकतो. तो हक्कानं मागावा.

अर्थात सगळ्यात कमी दुखणारी तपासणी म्हणजे न केलेली तपासणी, आणि गेल्या काही वर्षांत वैद्यकशास्त्रही या बाजूला सरकलं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ साली सांगितलं की दोन महिने ते दोन वर्षांच्या बाळाला पहिल्यांदाच तापाचा मूत्रसंसर्ग झाला असेल आणि सोनोग्राफी ठीक असेल, तर सरसकट एमसीयू करू नये. साधी, गुंतागुंत नसलेली, खोकताना लघवी सुटण्याची तक्रार असलेल्या ६३० स्त्रियांवरची चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. ऑपरेशनआधी युरोडायनॅमिक केलेल्या आणि न केलेल्या स्त्रियांच्या परिणामांत महत्त्वाचा फरक नव्हता. इंग्लंडमधल्या २६ रुग्णालयांत ८२० पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. प्रोस्टेटच्या तक्रारींत नेहमीच्या तपासण्यांना युरोडायनॅमिकची जोड दिल्यानं ऑपरेशनांचं प्रमाण घटलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांनी, लघवीत केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं रक्त आणि धोका कमी असेल, तर लगेच दुर्बीण न घालता पुन्हा लघवी तपासण्याचा पर्याय मान्य केला. म्हणून "या तपासणीनं माझ्या उपचारात काय बदलणार आहे?" हा प्रश्न प्रत्येकानं विचारावा.

पण याचा उलटा अर्थ कोणी काढू नये. डोळ्यांना दिसेल इतकं रक्त लघवीतून गेलं, विशेषतः न दुखता गेलं, तर ती दुर्बीण टाळण्याजोगी नाही. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसानं अशा रक्ताला "उष्णता झाली" म्हणून सब्जाचं पाणी पीत बसू नये. रक्त दोन दिवसांत आपोआप थांबतं, आणि तेच फसवतं. डीजे स्टेंटचंही तसंच. काढताना दुखेल या भीतीनं लोक ती आत विसरून जातात, मग तिच्यावर खडे चढतात, आणि पाच मिनिटांचं काम मोठ्या ऑपरेशनवर जातं.

कॅन्सरची गाठ काढल्यानंतर पहिली दुर्बीण तीन महिन्यांनी. धोका जास्त असेल तर दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. म्हणजे एकाच माणसाच्या वाट्याला ही तपासणी पंधरा-वीस वेळा येऊ शकते. पहिल्या वेळचा अनुभव इथे निर्णायक ठरतो. डॅनिएल कानेमन आणि डोनाल्ड रेडेलमायर यांनी १९९६ साली मोठ्या आतड्याची दुर्बीण झालेल्या १५४ आणि मुतखडा ध्वनिलहरींनी फोडलेल्या १३३ रुग्णांची वेदना मिनिटामिनिटाला नोंदली. नंतर लोकांच्या आठवणीत राहिलेली वेदना किती वेळ चाललं यावर फारशी ठरत नव्हती. ती ठरत होती सर्वांत तीव्र क्षणावर आणि शेवटच्या काही मिनिटांवर. मूत्राशयाच्या तपासणीला हे लावून पाहिलं तर दोन जागा हाती लागतात. तीव्र क्षण आपल्याला माहीत आहे, तो स्नायूपाशी आहे, तिथे हात हळू चालला पाहिजे. आणि शेवट म्हणजे दुर्बीण बाहेर काढणं. काम झालं म्हणून ती झटक्यात ओढली जाते. ती सावकाश काढावी, मूत्राशय रिकामं करून द्यावं, अंग झाकावं, आणि मगच काय दिसलं ते सांगावं. पाय वर असताना कॅन्सरबद्दल बोलू नये.

घरी गेल्यावर पहिल्या दोन-तीन लघव्या झोंबतात, लघवीला गुलाबी छटा येते. एक-दोन दिवसांत हे थांबतं. पाणी भरपूर प्यावं. थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी होईनाशी झाली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावं. तपासणीला जाण्याआधी डॉक्टरांना सांगण्याच्या गोष्टीही थोड्याच: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हृदयाची झडप बदलली आहे का, लिग्नोकेनची कधी अ‍ॅलर्जी आली होती का, आणि मागच्या वेळी दुखलं होतं का.

ही शेवटची गोष्ट रुग्णानं आठवणीनं सांगावी लागते, कारण फाइलमध्ये ती नसते. दुर्बिणीच्या छापील अहवालात मूत्रमार्ग, प्रोस्टेट, मूत्राशयाचं तोंड, दोन्ही छिद्रं, अस्तर, गाठ असल्यास तिची जागा आणि आकार, सगळ्याला रकाने असतात. त्याच कागदावर एक ओळ वाढवता येईल: जेलीला किती मिनिटं दिली, दुर्बीण कोणती होती, आणि रुग्णानं शून्य ते दहामध्ये वेदनेला किती आकडा दिला. आठ लिहिलेलं असेल तर तीन महिन्यांनी तपासणाऱ्या डॉक्टरला रुग्ण टेबलावर येण्याआधीच ठरवता येईल की या काकांना कमरेखालची भूल द्यायची, की लवचीक दुर्बीण असलेल्या ठिकाणी पाठवायचं.